मधली दोन कपाटं

तीनशे पाच पॉइंट पाच म्हणजे जात.
तीनशे पाच पॉइंट आठ म्हणजे वंश.
मध्ये सहा आणि सात: धर्म, भाषा.
हे मी ठरवलेलं नाही.
कुणीतरी लांबच्या माणसाने आकडे पाडले,
मी नुसती पुस्तकं लावतो
बेलापूरच्या या कॉलेजात, एकोणनव्वदपासून.

सोनकांबळे मॅडम नांदेडहून आल्या
तेव्हा इमारतीला प्लास्टरही नव्हतं.
विषय सांगितला, तुलनात्मक वंशसंबंध.
प्राचार्य म्हणाले, उत्तम, तोवर मराठ्यांचा इतिहास घ्या.
तो "तोवर" चौदा वर्षं चालला.

दुपारच्या मोकळ्या तासाला यायच्या.
पाचातलं एक काढायच्या, चार पावलं चालायच्या,
आठातलं एक काढायच्या,
आणि दोन्ही उघडी ठेवून मधल्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसायच्या.

सेक्टर पंधरात खोली बघायला गेल्या होत्या.
मालक आडनाव ऐकून पाणी आणायला आत गेला
आणि बाहेर आला तो बायको आजारी असल्याचं सांगत.
मला हे सांगितलं शिक्का मारून घेता घेता,
पान नंबर सांगावा तसं.
पाणी? मी विचारलं.
नाही आणलं, म्हणाल्या.

मग एक वर्ष अलाबामात.
परतल्या त्या झेरॉक्सच्या दोन बॅगा घेऊन.
त्यात एक फोटो, दोन नळ, दोन पाट्या.
वर्गात तो दाखवायच्या आणि शेजारी कोरा कागद धरायच्या.
"ही आमच्या गावची विहीर.
फोटो नाही. पाटीच नव्हती,
तर फोटो कशाचा काढणार?
पाटी न लावता सगळ्यांना पाठ होतं."
मी दाराशी ट्रॉली घेऊन उभा असायचो.
पहिल्या वर्षी मुलं सात, मग चार,
मग पेपरच बंद.

जुमाचं सांगायचं राहिलं.
टांझानियाचा पोरगा, खारघरला फार्मसी करायचा,
आमच्याकडे अभ्यासाला यायचा पंख्याखाली.
त्याच्यासाठी मॅडम सहा सोसायट्या फिरल्या.
सहाव्या सेक्रेटरीने त्याला विचारलं, खाणं काय?
आणि मॅडमना विचारलं, पूर्ण नाव?
दुसऱ्या दिवशी दोघं वाचनालयात
तोंडावर रुमाल धरून हसत होती, मला दटावावं लागलं.
घर शेवटी मिळालं की नाही, मी विचारलं नाही.

एकदा मी म्हटलं, मॅडम, गुडघे दुखतात तुमचे,
मधली दोन कपाटं भिंतीकडे सरकवतो,
जात आणि वंश शेजारी शेजारी येतील.
"नको हो केणी.
मध्ये काय उभं आहे तेच तर शिकवायचंय मला."
मग चष्मा पुसत,
"आणि तुमचं कपाट कुठलं?"
मी म्हटलं, या फरशीखाली.
बापाचं भातखाचर होतं. खाडीचं पाणी अडवायचा बांध
तिथे, पेपरच्या स्टँडपाशी.
साडेबारा टक्क्यांची फाइल अजून फिरतेय.
त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतलं.
दोन वर्षांनी त्यांचा निबंध छापून आला,
तळटीप एकोणीस: कै. पांडुरंग हिरू केणी, शहाबाज.
हिरूचा "रू" दीर्घ. सातबाऱ्यावरसुद्धा तो ऱ्हस्व आहे.

एकतीस मे. ना-देय दाखला घ्यायला आल्या.
एका पुस्तकाचा दंड अकरा रुपये, सुट्टे दिले.
मी छापील ओळीखाली सही केली:
यांच्याकडून ग्रंथालयास कोणतेही येणे नाही.
त्यांनी दोनदा वाचलं.
"एकाच बाजूचा हिशेब आहे हा," म्हणाल्या,
आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

कुलूप लावण्याआधी मी पाचापासून आठापर्यंत चालून बघितलं.
त्या चार पावलं म्हणायच्या.
मला साडेपाच लागली.